निष्ठा आणि उघडे दार



दिवसभर वैशाखाचे ऊन सोसून संध्याकाळी गोदेच्या काठी व्याख्यान ऐकायला यावयाचे, ही नाशिककरांची जुनी खोड आहे. खोडी पुष्कळ वाईट असतात, ही मात्र चांगली आहे. आम्ही तिचा फायदा घेऊन आज एका अशा विषयावर बोलणार आहोत, की जो या पटांगणात थोडा परका वाटेल. एकनिष्ठ प्रीती ही ईश्वराच्या प्रीतीची छाया आहे, असे ख्रिस्ती धर्म मानतो. या म्हणण्यात काय आहे ते पाहावे, आणि तेही पुस्तकातून नव्हे तर आपल्या नाशिकच्या मातीतून पाहावे, एवढाच आमचा हेतू. कोणाला कोणत्या धर्मात घ्यावयाचे किंवा कोणत्या धर्मातून काढावयाचे, हा उद्योग आमचा नव्हे.

निष्ठा हा शब्द नाशिककराला शिकवावा लागत नाही. समोर नदीपलीकडे पंचवटी आहे. राज्य सोडून निघालेल्या नवऱ्यामागे सीता वनात आली आणि भावामागे लक्ष्मण आला, हे आपण पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आपण निष्ठेचे जे दाखले देतो, त्यांत ती बहुतेक खालून वर जाते. पत्नीची पतीवर, धाकट्याची थोरल्यावर, शिष्याची गुरूवर, चाकराची धन्यावर. थोरल्याने धाकट्याशी एकनिष्ठ राहावे, धन्याने चाकराशी इमान राखावे, असे म्हटले की आपल्याला ते औदार्य वाटते, निष्ठा वाटत नाही. पतिव्रतांच्या कथा आपल्याकडे गाडाभर आहेत. पत्नीव्रत पुरुषांची मोजदाद करायला बसले, तर रामचंद्रांचे नाव घेऊन आपण थांबतो, आणि तेही सीतात्याग आठवला की जरा अडखळतच.

यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथात हिब्रू भाषेतला एक शब्द वारंवार येतो. तो शब्द ‘हेसेद’. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. दया म्हणावे तर तीत नाते येत नाही, वाटेवरच्या भिकाऱ्यावरही दया करता येते. प्रेम म्हणावे तर त्यात दिलेले वचन येत नाही, प्रेम आज असते आणि उद्या नसते. इमान म्हणावे तर त्यात जिव्हाळा येत नाही. एकदा आपले म्हटले की मग समोरचा कसाही वागला तरी न सोडणारी जी माया, तिला ‘हेसेद’ म्हणावयाचे. आणि हा शब्द त्या ग्रंथात सर्वांत अधिक वापरला आहे तो माणसाच्या देवावरील निष्ठेसाठी नव्हे, तर देवाच्या माणसावरील निष्ठेसाठी. म्हणजे बाण उलटा झाला. निष्ठा आधी वरून खाली येते. होशेय नावाचा एक संदेष्टा ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात होऊन गेला. त्याची बायको त्याला सोडून परपुरुषाकडे गेली. त्याने तिला पुन्हा घरी आणली, आणि देव आपल्या लोकांशी असाच वागतो, असे लोकांना सांगितले. ज्या समाजात अशा बाईला दगडांनी मारण्याचा कायदा होता, त्या समाजात हे बोलणे सोपे नव्हते.

त्याच ग्रंथात रूथची लहानशी गोष्ट आहे. नामी नावाची एक म्हातारी परमुलखात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बसली. मागे दोन विधवा सुना राहिल्या, त्याही त्या परमुलखातल्या, परजातीच्या आणि परदैवताच्या. म्हातारी स्वदेशी परत निघाली तेव्हा ती दोघींना म्हणते, की पोरींनो, माझ्याजवळ आता तुम्हाला द्यायला काही नाही, माहेरी जा, पुन्हा संसार करा. एक सून रडली आणि गेली. तिला त्या ग्रंथाने एका शब्दानेही दोष दिलेला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसरी रूथ. ती गेली नाही. सासूने तिला मोकळी केली होती, नवरा मेल्यामुळे नाते संपले होते, पोटापाण्याच्या दृष्टीने तर राहणे हा शुद्ध वेडेपणा होता. तरी ती राहिली. ख्रिस्ताने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्टही अशीच. धाकटा मुलगा वाटणी मागतो तेव्हा बाप त्याला कोंडून घालीत नाही. वाटणी देतो, जाऊ देतो, आणि मग वाटेकडे डोळे लावून बसतो.

या सगळ्यांतून आम्हाला एक सूत्र दिसते, आणि आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगावयाचे आहे ते एवढेच. दार बंद असताना आत राहिलेल्या माणसाला एकनिष्ठ म्हणण्यात अर्थ नाही. कैदीही तुरुंगात राहतोच. दार उघडे आहे, जाणाऱ्याला कोणी नावे ठेवणार नाही, आणि तरीही जे माणूस जात नाही, त्याच्यापाशी निष्ठा आहे. कोंडून न घालणारी आणि स्वतःही न सोडणारी, अशी ही दुहेरी प्रीती. ख्रिस्ती माणूस म्हणतो, देवाची प्रीती अशी आहे. हे खरे की खोटे याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण अशी प्रीती माणसांच्या जगात कधी दिसली काय, असे विचाराल तर उत्तर देता येते, आणि त्यासाठी नाशिकबाहेर फार शोधावे लागत नाही.

शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो. शरणपूर हे नाव का पडले, असे किती जणांच्या मनात येते? चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८५० नंतरच्या दशकात, गावाबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. आसरा मागायला आलेल्यांचे गाव, म्हणून शरणपूर. आणि या गावात जे आले त्यांत आफ्रिकेची मुले होती! पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे धरून गुलाम म्हणून विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. इंग्रजांचे आरमार समुद्रात ती गलबते पकडी आणि त्यांतल्या पोराबाळांना मुंबईस उतरवी. आईबाप कोण, गाव कोणते, याचा पत्ता नाही. त्यांतली पुष्कळ मुले नाशिकला शरणपुरात आली. येथे ती लिहायला वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, ख्रिस्ती झाली. नावेसुद्धा त्यांना नवी मिळाली. इंग्रजी पुस्तकांतून त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा येतो. आफ्रिकेच्या इतिहासात आपल्या गावाचे नाव असे कोरले गेले आहे, आणि गावाला त्याची फारशी वार्ता नाही.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईत आला तेव्हा त्याने पुढल्या प्रवासासाठी यांतली नऊ मुले बरोबर घेतली. सगळीच टिकली असे नाही. काही मेली, काही मागे राहिली. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत त्यांच्या आळसाबद्दल तक्रारीही पुष्कळ केल्या आहेत. निष्ठेची गोष्ट सांगताना माणसे लगेच देवमाणसे करून टाकण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पुढे १८७२ साली स्टॅन्लेने झांझिबारहून जी कुमक पाठविली तीत नाशिकचे आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार ही त्यांतली काही नावे. तांड्याचे पुढारपण सुसी आणि चुमा या दोघांकडे होते. चुमाला लिव्हिंग्स्टनने स्वतः गुलामांच्या साखळीतून सोडविले होते आणि काही दिवस मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज ज्या देशाला झांबिया म्हणतात त्या देशात, चितांबो नावाच्या खेड्यातील एका झोपडीत लिव्हिंग्स्टन मेला. बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत तो चाकरांना सापडला. आता दार किती उघडे होते ते पाहा. धनी मेला. हुकूम देणारे कोणी उरले नाही. मुलूख परका, पाऊस आणि चिखल, प्रेत जवळ बाळगणे अशुभ मानणारे लोक चहूकडे. हे तरुण होते त्याच आफ्रिका खंडाचे, सामान वाटून घेऊन जिकडे तिकडे गेले असते तर त्यांना कोणी विचारले नसते. त्यांनी बसून विचार केला आणि प्रेत समुद्रापर्यंत न्यावयाचे ठरविले. काळीज आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली. शरणपुरात शिकलेल्या जेकब वेनराइटने त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. देहाला मीठ लावून तो चौदा दिवस उन्हात वाळविला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, काठीला बांधला, आणि खांद्यावर घेऊन ते निघाले. वाट हजार मैलांहून लांब. वेळ लागला सुमारे नऊ महिने. वाटेत त्यांतले काही दगावले.

येथे एखादा चिकित्सक म्हणेल की यात प्रीती कसली, हा तर व्यवहार. काही वर्षांपूर्वी लिव्हिंग्स्टनला सोडून पळालेल्या हमालांनी तो मेल्याची खोटी बातमी सांगितली होती. यांच्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता, पगार बुडाला असता, म्हणून त्यांनी प्रेताचा पुरावा बरोबर आणला. शंका बिनतोड दिसते. पण ऑक्टोबर महिन्यात उन्यान्येंबे येथे त्यांची गाठ लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याशी पडली. तो लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठीच निघाला होता. त्याने प्रेत पाहिले, कागदपत्र पाहिले. म्हणजे साक्ष झाली. इतकेच नव्हे, तर तो म्हणाला, पुढची वाट धोक्याची आहे, येथेच पुरून टाका. पगाराचा प्रश्न तेथे सुटला होता. साहेबाची परवानगी होती, परवानगी कसली, सल्लाच होता. त्यांनी तो ऐकला नाही. पुढे एका मुलुखात लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी प्रेत परत पाठविल्याचे सोंग केले आणि खरे प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखे बांधून पुढे काढले. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले. तेथे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीने प्रेत ताब्यात घेतले आणि यांचा हिशेब चुकता करून निरोप दिला.

लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १८ एप्रिल १८७४ रोजी लिव्हिंग्स्टनला पुरले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता. मिशनने त्याच्या प्रवासाचा खर्च केला म्हणून तो पोहोचला. सुसी आणि चुमा इंग्लंडला गेले, पण त्यांना नेण्याचे कोणाला सुचले तोवर दफन उरकले होते. त्या थडग्यावरच्या शिळेवर म्हटले आहे की एकनिष्ठ हातांनी हा देह जमिनीवरून आणि समुद्रावरून येथे आणला. हात कोणाचे, ते मात्र लिहिलेले नाही.

या तरुणांना इंग्रजांनी ‘विश्वासू नोकर’ म्हटले. आम्हाला तो शब्द खटकतो. नोकरी त्या चितांबोच्या झोपडीत संपली होती. त्यापुढे जे घडले ते मोकळ्या माणसांनी केलेले आहे. आणि ज्यांना लहानपणी कोणी तरी काही मोबदला न मागता साखळीतून सोडविले, त्यांनीच हे करावे, यात आम्हाला ‘हेसेद’ या शब्दाचा अर्थ दिसतो. आधी वरून खाली आलेली निष्ठाच खालून वर गेली. पुढे १८७५ मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रेरटाउन नावाची सोडविलेल्या गुलामांची वसाहत उभारली आणि नाशिकचे पुष्कळ आफ्रिकी तिकडे गेले. मॅथ्यू वेलिंग्टन तर तिकडे १९३५ पर्यंत जिवंत होता.

असो. मेलेल्या माणसाशी निष्ठा राखणे कठीण खरे, पण जिवंत माणसाशी राखणे त्याहून कठीण असते. मेलेला माणूस निदान मत बदलीत नाही! म्हणून आता घरातली गोष्ट. शरणपूर एका बाजूला, तर गोदेच्याच काठी नाशिकच्या वरच्या अंगाला जलालपूर आहे. तेथल्या गोखल्यांच्या घरी १ जून १८६८ रोजी एक मुलगी जन्मली. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड. ही मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली आणि तिचे लग्न झाले. नवरा कोकणातला, करजगावचा, नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकलेला, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने वारा. नाव नारायण वामन टिळक. मुलगी म्हणजे आपल्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळक घरातून कधी उठून कोठे जातील आणि कधी परत येतील, याचा नेम नसे. पैसा हाती राहत नसे. राग आला की भडका, ओसरला की अश्रू. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगणे नको, आणि ज्यांनी वाचलेली नाहीत त्यांनी हे व्याख्यान अर्धवट सोडून ती वाचायला गेले तरी आमचा राग नाही. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळक वाचीत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विचारले नाही. पदरी चार वर्षांचा दत्तू.

टिळकांची ही वागणूक आम्हाला समर्थनीय वाटत नाही. ज्या धर्मात निष्ठेची पहिली जबाबदारी थोरल्याची, त्या धर्मात शिरताना त्यांनी घरातल्या धाकटीला अंधारात ठेवले, आणि हा डाग मोठ्या कवीचा आहे म्हणून पुसट होत नाही. लक्ष्मीबाईंच्या मनाची त्या काळात जी दशा झाली ती त्यांनी स्वतः सांगितली आहे. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. सवाष्ण म्हणावे की विधवा म्हणावे, हे समाजालाच कळेना. आपल्या भाषेत काडीमोडीला आपण घटस्फोट म्हणतो. हा शब्द मुळातला निराळा आहे. धर्मातून पतित झालेल्या माणसाच्या नावाने जिवंतपणीच घडा फोडावयाचा आणि तो मेला असे समजावयाचे, हा मूळचा घटस्फोट. अशा नवऱ्याला मेला समजून माहेरच्या माणसांत उरलेले आयुष्य काढण्याचा मार्ग लक्ष्मीबाईंना मोकळा होता, आणि त्यांच्या आप्तांनी त्यांना प्रेमाने सांभाळलेही. नाशिकला, पंढरपूरला त्यांनी ते दिवस काढले. दुःखाने भरलेल्या त्या दिवसांत, जिला अक्षरओळखीपलीकडे फारसे शिक्षण नव्हते ती बाई कविता करू लागली.

टिळकांसाठी तर कायद्यानेच दार उघडून ठेवले होते. १८६६ साली सरकारने एकविसावा कायदा केला होता. हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि जोडीदार धर्मामुळे त्याच्याबरोबर नांदेना, तर कोर्टात अर्ज करावा. कोर्ट जोडीदाराला विचार करायला मुदत देई, आणि तरीही नकार आला तर लग्न मोडे. दोघेही पुन्हा लग्नाला मोकळी. टिळक तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेरचे होते. नव्या समाजात त्यांचा मान होता. त्यांनी हे दार वापरले नाही. नगरला राहून ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले. तू ख्रिस्ती हो तर तुला घेतो, अशी अट नव्हती. तू आपल्या धर्मात राहा, पण ये. बाप्तिस्मा घेताना जी चूक केली ती त्यांनी या वाट पाहण्यात भरून काढली, असे आम्ही म्हणतो. कोणी म्हणेल की चार-पाच वर्षे वाट पाहिली यात मोठेसे काय. त्यांनी टिळकांचा उतावीळ स्वभाव ध्यानात घ्यावा. घटकाभर गप्प बसणे ज्याला जमत नसे त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे.

आणि लक्ष्मीबाई आल्या. कशा आल्या ते महत्त्वाचे आहे. आप्तांचा विरोध सोसून, दत्तूला घेऊन त्या नगरला आल्या, पण आपला धर्म, आपले सोवळे आणि आपली चूल बरोबर घेऊन आल्या. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, स्वयंपाक निराळा आणि पाणी निराळे, असा हा संसार पुन्हा मांडला गेला. आपण ज्याला पातिव्रत्य म्हणतो त्यात हे बसत नाही. पतिव्रतेने नवऱ्याचा देव तो आपला देव मानावा असा रिवाज आहे. रूथनेदेखील सासूबरोबर सासूचा देव पत्करला. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे गेल्या पण त्याच्या देवामागे गेल्या नाहीत. नवऱ्यावरची प्रीती एका ठिकाणी आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही शाबूत. स्त्रीच्या निष्ठेचा याहून ताठ मानेचा नमुना मराठी मुलखात आम्हाला तरी माहीत नाही.

पुढचा बदल राहुरीला झाला, आणि तोही कोणाच्या उपदेशाने नव्हे. एका रात्री त्या विचार करीत पडल्या असता त्यांच्या मनाशी प्रश्न आला, की जातिभेद देवाने केला की माणसाने? जन्म आणि मरण, भूक आणि तहान ही तर सर्वांना सारखी. उत्तर मिळाले आणि त्या वडिलांच्या घरचे सोवळे तेथे गळून पडले. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. लक्षात घ्या, या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी जात गेली, मग १९०० साली बाप्तिस्मा झाला. घाई कोणी केली नाही. टिळकांनीही नाही. जलालपूरच्या त्या घरापासून राहुरीच्या रात्रीपर्यंतचे अंतर त्यांच्या त्यांनी चालून जावयाचे होते.

या घरात मग इतरांची मुले वाढू लागली. दुष्काळात पोरकी झालेली, रस्त्यावर सापडलेली. टिळकांनी हात धरून आणावे आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्या जेवणाची काळजी करावी, अशी वाटणी ठरलेलीच होती. परमार्थाचा झेंडा पुरुषांच्या खांद्यावर आणि त्याचा खर्च बायकांच्या डब्यातून, हे सर्व धर्मांत सारखेच आहे. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांना थक्क केले. त्या बालकवीला टिळकांनी आपल्या घरी नगरला ठेवून घेतले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वाढविले. तो हिंदू होता, हिंदूच राहिला. धर्मोपदेशकाच्या घरी एवढा गुणी मुलगा हाताशी असताना त्याला तसाच राहू दिला, यावरून टिळक दांपत्याची प्रीती कोणत्या जातीची होती ते कळते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेगाडीखाली सापडून बालकवी गेले. वर्ष संपले, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकही गेले. त्यापूर्वी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली होती, संन्यास घेतला होता आणि ‘देवाचा दरबार’ मांडला होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणारा हा माणूस शेवटी पगारी धर्मात रमला नाही. घराची घडी मात्र पुन्हा एकदा विसकटली, आणि ती कोणी बसवावयाची ते ठरलेलेच होते.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर एक मोठे काव्य आरंभिले होते, ‘ख्रिस्तायन’. मृत्यूच्या वेळी दहा अध्याय पुरे होऊन अकरावा चालू होता. मराठी साहित्यात अशी अपुरी काव्ये पुष्कळ आहेत आणि कवीची बायको ती पुरी करायला बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. बायकोने कागद जपून ठेवावेत, फार तर छापून घ्यावेत. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. व्याकरण टिळकांचे, संस्कृत टिळकांचे. त्यांची स्वतःची भाषा जलालपूरच्या ओसरीवरची आणि नगरच्या स्वयंपाकघरातली. पण ‘स्मृतिचित्रे’ ज्या भाषेत उतरली ती हीच भाषा. १९३४ ते १९३६ या वर्षांत ती चार भागांत निघाली. चौथा भाग त्यांच्या हातून पुरा झाला नाही, तो मुलाने पुरा केला.

‘ख्रिस्तायना’कडे त्या वळल्या त्या उतारवयात. टिळकांनी सोडलेल्या ठिकाणापासून त्यांनी पुढे धरले. एक अध्याय झाला, दुसरा झाला. टिळकांचे दहा-अकरा, लक्ष्मीबाईंचे चौसष्ट. या चौसष्ट अध्यायांना टिळकांच्या काव्याची सफाई नाही, असे समीक्षक म्हणतात, आणि ते बरोबरही असेल. आम्हाला ते वाचताना वेगळेच काही वाटते. ज्या माणसाने एके काळी आपल्याला न विचारता हा ख्रिस्त घरात आणला, त्या ख्रिस्ताची गोष्ट त्या आपल्या शब्दांत, आपल्या चालीने सांगत आहेत.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. काव्याचा शेवट तेवढा राहिला होता. तो देवदत्त टिळकांनी, म्हणजे नगरला आईचे बोट धरून आलेल्या त्या दत्तूने, एक अध्याय लिहून केला. शहात्तर अध्यायांचा तो ग्रंथ १९३८ साली छापून निघाला.